लावणीच्या दिवसांतला ताप आणि डॉक्सीसायक्लिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैच्या लावणीपासून ऑक्टोबरच्या कापणीपर्यंत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आशाताईंच्या पिशवीत एक गोळी हमखास असते, डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे बोलण्यातल्या लेप्टोचा, ताप येऊ नये म्हणूनही ती दिली जाते आणि ताप आल्यावरही. डोस मात्र दोन्ही वेळी वेगळा असतो आणि घरोघरी गोंधळ नेमका इथेच होतो. उपकेंद्रावर आणि औषधाच्या दुकानात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

ही गोळी नेमकी कसली आहे?

डॉक्सीसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातलं प्रतिजैविक आहे. या कुळातलं पहिलं औषध 1948 साली जगासमोर आलं. ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालं होतं. डॉक्सीसायक्लिन ही त्याच कुळातली प्रयोगशाळेत सुधारलेली पुढची पिढी, आणि 1967 पासून ती वापरात आहे.

जिवाणूला जगायला आणि वाढायला प्रथिनं लागतात. ती बनवणारा त्याच्या पेशीतला कारखाना म्हणजे रायबोसोम. डॉक्सीसायक्लिन या रायबोसोमच्या लहान भागाला जाऊन चिकटते, त्यामुळे प्रथिनाचा पुढचा तुकडा जोडला जात नाही. जिवाणू लगेच मरत नाही, पण त्याची वाढ थांबते आणि उरलेलं काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. म्हणून ताप उतरला तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नसतात. ताप उतरतो तेव्हा जंतू दबलेला असतो, संपलेला नसतो.

ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे कुठल्याही तापावर चालते का?

नाही. तिचा पल्ला मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. लेप्टोचा लेप्टोस्पायरा, स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया, पटकीचा व्हिब्रिओ, गुराढोरांकडून माणसाला होणारा ब्रुसेला, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा अशा एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या जिवाणूंवर ती काम करते. यातले काही पेशीच्या बाहेर राहतात, काही थेट आपल्या पेशीच्या आत घर करतात. डॉक्सीसायक्लिन पेशीच्या आतही पोचते आणि कोकणात तिला एवढं महत्त्व आहे ते त्यामुळेच.

विषाणूवर तिचा काडीचाही उपयोग नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू आणि कावीळ करणारा हिपॅटायटिस ए हे सगळे विषाणूचे आजार. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत 2016 पासून माहीत झालेला माकडतापही विषाणूचाच. तो गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम काजू गोळा करायच्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारी ते मे असतो. त्या दिवसांत जंगलात जाऊन आल्यावर ताप आला, तर घरातली डॉक्सी खाऊन वाट पाहू नका, रक्त तपासून घ्या.

टायफॉइडवर ती आज पहिल्या पसंतीचं औषध नाही. क्षयावर ती चालत नाही. मधुमेही माणसाला पावसाळ्यात चिखलमातीतून होणारा मेलिऑइडोसिस नावाचा आजार शेजारच्या किनारी कर्नाटकात चांगला ओळखीचा आहे. त्यावरही एकट्या डॉक्सीवर भिस्त ठेवता येत नाही. शिरेतून वेगळी प्रतिजैविकं द्यावी लागतात आणि त्यानंतर काही महिने गोळ्या चालतात.

लेप्टोचा जंतू मळ्यात येतो कुठून?

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात तो मुक्काम करून असतो. उंदराला त्याचा त्रास होत नाही, पण मूत्रातून जंतू बाहेर पडत राहतो. गाई, म्हशी, डुकरं, कुत्रे यांच्यातूनही तो येतो. पावसात हे मूत्र शेतात, वहाळात, पाणंदीतल्या डबक्यात मिसळतं. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात जंतू आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. कोरड्या उन्हात तो मरतो. मे महिन्यात लेप्टो जवळपास दिसत नाही आणि लावणीनंतर अचानक रुग्ण वाढतात, त्यामागे हेच आहे.

लावणीखेरीज इतर प्रसंगही ध्यानात घ्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणं, रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या पकडणं, गोठ्याचं गटार उपसणं, विहिरीतला गाळ काढणं, कापणीच्या वेळी ओल्या मळ्यात अनवाणी फिरणं. यातल्या बऱ्याच कामांत तरुण मुलं असतात आणि गोळ्या वाटताना नेमकी तीच राहून जातात.

पायाला जखम नाही, मग जंतू शिरेल कसा?

डोळ्याला दिसणारी जखम लागतेच असं नाही. दिवसभर पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, नखाजवळची चीर एवढी वाट त्याला पुरते. डोळ्यांत उडालेलं पाणी किंवा तोंडात गेलेलं पाणीही चालतं. चिखल्या बऱ्याचदा बुरशीच्या असतात आणि डॉक्सीसायक्लिन बुरशीला मारत नाही. चिखल्यांवर वेगळं मलम लावा आणि रात्री पाय धुऊन, बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या करा. चिखल्या बऱ्या करणं हा लेप्टो रोखण्याचाच भाग आहे. आमच्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

लावणीच्या आधी घ्यायच्या गोळीचा डोस किती?

मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100 च्या दोन गोळ्या एकाच वेळी, जेवणानंतर. चिखलात उतरायच्या एक-दोन दिवस आधी पहिला डोस घ्यायचा आणि काम चालेल तोवर दर आठवड्याला त्याच वारी पुढचा. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरला तर विसरायला होत नाही. हे काही वर्षभर चालवायचं औषध नव्हे. जिथे रुग्ण सापडले आहेत अशा वाड्यांतल्या, प्रत्यक्ष पाण्या-चिखलात राबणाऱ्या माणसांसाठी, ऐन हंगामापुरतं, साधारण सहा आठवडे ते दिलं जातं. घरी बसलेल्या आजोबांना केवळ सगळ्यांबरोबर म्हणून देण्याची गरज नसते.

यामागे आधार आहे. पनामात जंगलातलं प्रशिक्षण घेणाऱ्या 940 अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला 200 मिलिग्रॅम घेतलेल्या 469 जणांत 1 लेप्टोचा रुग्ण निघाला आणि औषध नसलेली गोळी घेतलेल्या 471 जणांत 20. पण ते सैनिक थोड्या दिवसांसाठी त्या भागात गेलेले होते. आपल्याकडे अंदमानात, जिथे लोक वर्षानुवर्षं याच पाण्यात वावरतात, तिथल्या अभ्यासात संसर्ग होणं थांबलं नाही, पण आजारपण आणि मृत्यू कमी झाले. कोकणातल्या शेतकऱ्याला अंदमानचा निष्कर्ष जास्त लागू पडतो. गोळी घेतलेल्या माणसालाही ताप आला, तर तो लेप्टो नसेल असं धरून चालू नका.

इथे एक चूक फार होते. दोन गोळ्या एकदम घेतल्यावर मळमळतं, म्हणून माणसं एक आज घेतात आणि दुसरी चार दिवसांनी. अशाने रक्तातली मात्रा लागते तेवढी चढतच नाही. डॉक्सीसायक्लिन शरीरातून निम्मी व्हायला 18 ते 22 तास लागतात. मळमळ होत असेल तर पोटभर जेवून दोन्ही गोळ्या घ्या, पण त्या एकाच दिवशी घ्या.

पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर?

चिपळूणसारखा पूर, म्हणजे 22 जुलै 2021 ला आला तसा, किंवा राजापूरच्या बाजारपेठेत शिरणारं पाणी, यात गटारं, उंदरांची बिळं आणि गोठे एकत्र होतात. अशा पाण्यातून गेल्यावर 24 ते 72 तासांच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. जखम नसेल आणि एकदाच पाण्यातून जावं लागलं असेल तर सहसा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. जखम असेल, किंवा गाळ उपसायला रोज उतरावं लागणार असेल, तर डॉक्टर जास्त दिवसांचा डोस ठरवतात.

ताप आलाय. लेप्टो असेल हे कशावरून ओळखायचं?

अचानक भरून येणारा ताप, जोराची डोकेदुखी आणि पोटऱ्या दाबल्या तर कळवळायला होईल इतकं दुखणं. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. सर्दी, शिंका, घसा या तापात फारसा नसतो. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा 5 ते 14 दिवस जातात, क्वचित महिनाही लागतो. त्यामुळे "लावणी संपून पंधरवडा झाला, आता कसला लेप्टो" हा हिशेब चुकीचा आहे.

पुढचं काहीही दिसलं तर गोळ्यांचा विषय संपला, रुग्णाला सरळ मोठ्या रुग्णालयात न्या : लघवी कमी होणं किंवा थांबणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं, खोकल्यातून रक्त पडणं, बरळणं, हातपाय गार पडणं. रुग्णालय निवडताना तिथे डायलिसिस आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्या. कोकणातले घाट आणि पाऊस पाहता रस्त्यातले दोन-तीन तास जीवघेणे ठरतात.

रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का?

थांबू नये. रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं तपासणारी चाचणी आजाराच्या पाचव्या ते सातव्या दिवसाआधी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण प्रतिपिंडं तोवर तयारच झालेली नसतात. पहिल्या आठवड्यात थेट जंतूच शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते, पण ती गावात होत नाही. औषधाचा सगळ्यात जास्त फायदा मात्र याच पहिल्या चार-पाच दिवसांत होतो. म्हणून हंगाम, चिखलातलं काम आणि लक्षणं जुळली की डॉक्टर रक्त पाठवून लगेच औषध सुरू करतात. दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन गोळ्या बंद करू नका. गरज पडली तर आठवड्याने चाचणी पुन्हा करतात. डेंग्यू आणि मलेरियाच्या चाचण्या मात्र पहिल्याच दिवशी करून घ्याव्यात.

तापावरचा डोस किती आणि किती दिवस?

सौम्य लेप्टोत मोठ्या माणसाला 100 मिलिग्रॅम सकाळी आणि 100 रात्री, असे 7 दिवस. म्हणजे एकूण 14 गोळ्या. घरात हंगामासाठी आणून ठेवलेल्या दोन गोळ्या घेतल्या आणि ताप उतरला नाही, म्हणून "औषध लागू पडत नाही" असं म्हणणारे बरेच भेटतात. तो डोस ताप टाळण्याचा होता, ताप बरा करण्याचा नव्हे. औषध बरोबर सुरू होऊनही 48 ते 72 तासांत उतार दिसला नाही, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा, आजार दुसराच असू शकतो.

एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकत्र करू नका.

अंगावर काळी खपली आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि ही खपली सापडणं फार मोलाचं असतं. स्क्रब टायफसचा जंतू गवता-झुडपातल्या बारीक माइट किड्याच्या अळीच्या चाव्यातून येतो. चावा दुखत नाही. काही दिवसांनी तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. काखेत, जांघेत, कमरेच्या करगोट्याखाली, स्तनाखाली, गुडघ्याच्या मागे, म्हणजे माणूस स्वतः बघत नाही अशाच जागी ती असते. पावसाच्या शेवटाला गवत कापणाऱ्या, रान साफ करणाऱ्या माणसाला ताप आला, तर घरच्यांनी संपूर्ण अंग उजेडात पाहावं. प्रत्येक रुग्णाला खपली असतेच असं नाही.

इथे डॉक्सीसायक्लिनचं खरं मोल कळतं. स्क्रब टायफसचा जंतू पेशीच्या आत राहतो आणि पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन त्याला काही करू शकत नाही. डॉक्सी 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केली की ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. लेप्टो की स्क्रब हे पहिल्या दिवशी हात लावून सांगता येत नाही, पण ही एक गोळी दोन्हींवर चालते. गंभीर स्क्रब टायफसमध्ये शिरेतून डॉक्सी आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही दिल्याने एकट्या औषधापेक्षा चांगला परिणाम होतो, हे भारतातच झालेल्या मोठ्या अभ्यासातून 2023 मध्ये पुढे आलं.

मग रुग्णालयात गोळी बंद करून पेनिसिलिन का लावतात?

गंभीर लेप्टोत उलट्या, धाप आणि मंदावलेलं रक्ताभिसरण यांमुळे पोटातून औषध नीट शोषलं जाईल याची खात्री नसते. म्हणून शिरेतून पेनिसिलिन, दर 6 तासांनी 15 लाख युनिट, किंवा दिवसाला 1 ते 2 ग्रॅम सेफ्ट्रियाक्सोन देतात. स्क्रबची शंका असेल तर डॉक्सी सोबत चालू ठेवतात. मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णालाही डॉक्सीचा डोस सहसा कमी करावा लागत नाही, कारण तिचा बराचसा भाग शौचावाटे बाहेर पडतो.

गोळी गिळण्यात एवढं काय आहे?

बरंच आहे. डॉक्सीची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून विरघळली तर तिथे जखम होते. छातीच्या मध्ये जळजळतं, आवंढा गिळताना कळ येते आणि पुढे काही दिवस घास उतरत नाही. घोटभर पाण्यावर गोळी टाकून लगेच आडवं होणं, हे त्याचं नेहमीचं कारण. पूर्ण पेलाभर पाणी प्या आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर बसून किंवा चालत राहा. रात्रीची गोळी झोपायला जाताना न घेता संध्याकाळच्या जेवणाबरोबर उरकून टाका.

दुसरी गोष्ट कॅल्शियम आणि लोहाची. यांच्याशी डॉक्सी पोटात बांधली जाते आणि रक्तात कमी उतरते. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, झिंक, पित्तावरचं पातळ औषध आणि डॉक्सी यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दुधाने शोषण थोडं कमी होतं. कोकणात आणखी एक पदार्थ लक्षात ठेवावा लागतो, तो म्हणजे नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेव्हा सकाळची आंबील आणि गोळी एकत्र नको. तांदळाची पेज चालते, उलट पेज-भातावर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. अन्नामुळे शोषण थोडंफार घटतं, पण त्याने उपचार बिघडत नाही. रिकाम्या पोटी घेऊन उलटीत गोळी पडून जाण्यापेक्षा हे बरं.

पहिल्या गोळीनंतर थंडी वाजून ताप आणखी चढला. अ‍ॅलर्जी आहे का?

बहुधा नाही. लेप्टोत औषध सुरू झाल्यावर काही तासांत मोडलेल्या जंतूंमुळे हुडहुडी आणि ताप येऊ शकतो. तो एका दिवसात ओसरतो आणि गोळ्या चालू ठेवायच्या असतात. पण रक्तदाब उतरू शकतो, म्हणून रुग्णाला एकटं ठेवू नका. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास कोंडणं ही मात्र अ‍ॅलर्जीच. गोळी बंद करा आणि लगेच दवाखाना गाठा. गोळ्या चालू असताना डोकं असह्य दुखून धूसर दिसू लागलं, तरीही त्या थांबवून डॉक्टरांना दाखवा.

उन्हाचंही सांगायला हवं. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते. होडीवर किंवा ऑक्टोबरच्या कापणीत काम असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी वापरा.

गरोदर बाई आणि लहान मुलांना?

गरोदरपणात डॉक्सी टाळतात. लेप्टोसाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि स्क्रबसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन देता येतं. लावणीला जाणाऱ्या बाईची पाळी चुकली असेल तर गोळ्या वाटणाऱ्या ताईंना हे आधी सांगा. 8 वर्षांखालच्या मुलांत दातांवर डाग पडण्याची भीती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे आली. आता गंभीर आजारात डॉक्सीचा थोड्या दिवसांचा कोर्स मुलांनाही देतात, पण तो निर्णय आणि वजनानुसार डोस डॉक्टरांचा. मोठ्यांची कॅप्सूल फोडून अर्धी भुकटी मुलाला देऊ नका.

अंगदुखीवर एखादं इंजेक्शन मारून घेतलं तर चालेल का?

याला आमचा ठाम नकार आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही औषधं लेप्टोने आधीच सुजलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापासाठी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम पुरे. रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरातून डॉक्सी लवकर निघून जाते. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि क्षयावरची रिफाम्पिसिन यांनीही तसंच होतं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या चालतील?

मुदत संपलेल्या नकोत. पावसाळी दमटपणात कॅप्सूल चिकट होतात, आणि जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. हंगामाच्या गोळ्या पाकिटातून सुट्या काढून डबीत भरू नका.

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांनी काय करावं?

चिखलात, वहाळात उतरला असाल, तर पुढचा महिनाभर तापाकडे लक्ष ठेवा. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना तुम्ही मळ्यात उतरला होता हे आपणहून सांगा, तारखेसकट. ते कळलं नाही तर साध्या व्हायरल तापाचं औषध मिळून पहिले चार दिवस वाया जातात.

गमबूट घातले तर गोळी लागणार नाही ना?

गोठा, गटार, बांध आणि पाणंद यासाठी गमबूट उत्तम आहेत. लावणीच्या गुडघाभर चिखलात मात्र ते रुततात, वरून पाणी शिरतं आणि आतल्या आत पाय भिजत राहतात. तिथे कोणी ते घालत नाही, आणि घालायला सांगून उपयोगही नाही. म्हणूनच लावणी करणाऱ्यांना आठवड्याची गोळी देतात. मळ्यात उतरण्यापूर्वी जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, वर आल्यावर साबणाने पाय धुवा, आणि गोठ्याचं पाणी मळ्याकडे न सोडता शोषखड्ड्यात सोडा.